विश्रामबुवांचा फाटका आवाज

माझ्या आयुष्यात मला एकच विद्यार्थी लाभला. तो माझ्यापेक्षा पस्तीस वर्षांनी मोठा होता आणि पहिल्या दिवसापासून त्याने मलाच शिकवायला सुरुवात केली. विश्रामबुवांनी आठ महिन्यांत माझ्या नाकी नऊ आणले. त्यांचा विषय निघाला की मी अजून चिडतो. बायको म्हणते, एवढा चिडतोस तर आठवण काढतोस कशाला?

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही विरारला मनवेलपाड्यात राहायचो, एका मजल्यावर आठ खोल्या आणि पुढे सामायिक गॅलरी अशा इमारतीत. मी बी.कॉम. होऊन एका कुरियरच्या ऑफिसात चिकटलो होतो आणि वसई गावातल्या तीन मित्रांबरोबर एक बँड काढला होता. आम्ही ब्लूज-रॉक वाजवायचो. म्हणजे अमेरिकेतलं दुःखाचं गाणं, इलेक्ट्रिक गिटारवर चढवलेलं. त्यात गाणाऱ्याचा आवाज घासलेला, खरखरीत हवा. ऐन शब्दावर तो चिरकला पाहिजे, आणि तो चिरकला की ऐकणाऱ्याने हातातलं काम सोडलं पाहिजे. माझा आवाज मात्र शाळेतल्या प्रार्थनेचा. तो खरखरीत व्हावा म्हणून मी बर्फ खाल्ला, गच्चीवर जाऊन ओरडलो, आठवडाभर विड्या ओढून पाहिल्या. विड्यांनी फक्त खोकला झाला आणि आईचा मार बसला, तोही बाविसाव्या वर्षी.

विश्रामबुवा शेजारच्या खोलीत राहायचे. मूळचे कणकवलीकडचे, एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते, तिथून मुदतीआधीच निवृत्त झाले होते. पण त्यांची खरी ओळख डबलबारीचे बुवा अशी. डबलबारी म्हणजे कोकणातल्या भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं. एकाने पेटीवर बसून गायचं, त्यातच दुसऱ्याला टोमणा हाणायचा, मग दुसऱ्याने आपल्या बारीत गाऊनच उत्तर द्यायचं. बुवाच्या मागे पखवाज, झांजा आणि आठ-दहा जणांचा कोरस. विश्रामबुवांचा आवाज म्हणे माईकशिवाय अर्ध्या मनवेलपाड्याला ऐकू जायचा. आम्ही राहायला आलो त्याच्या आदल्या वर्षी भर बारीत तो फाटला तो फाटलाच. घशाच्या डॉक्टरांनी सांगितलं की तीस वर्षं ओरडून स्वरतंतूंवर घट्टे पडलेत. जिवाला धोका नाही, बोलायला हरकत नाही, पण पहिला आवाज विसरा. मंडळाने पेटी त्यांच्याच शिष्याला, नितीनला, दिली. बुवांनी स्वतःच ती त्याच्या मांडीपुढे सरकवली असं त्यांची बायको, आमच्या काकी, सांगायच्या, आणि त्यानंतर दोन दिवस ते जेवले नव्हते हेही.

रिकामा बुवा हा शेजाऱ्यांना केवढा ताप असतो याची कल्पना मला तेव्हा आली. या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट सुरात ऐकू यायची आणि ती तो सांगितल्याशिवाय राहायचा नाही. आमचा फ्रिज पेटीच्या पांढरी दोन पट्टीत गुणगुणतो. पाण्याच्या टँकरचा हॉर्न काळी एक. माझ्या आईची हाक काळी चारला सुरू होते आणि रागावली की पाचला जाते. मी गिटार लावायला बसलो की भिंतीवर टकटक व्हायची आणि पलीकडून घोगरा आवाज यायचा, तिसरी तार उतरली आहे. चीड आणणारी गोष्ट अशी की ती खरोखर उतरलेली असायची.

एका रविवारी दुपारी मी एका जुन्या अमेरिकन गायकाची कॅसेट लावली होती. दार उघडंच होतं. बुवा आत येऊन टेपरेकॉर्डरपुढे मांडी घालून बसले. संपूर्ण बाजू ऐकली. मग मला विचारलं, "झिला, ह्यो माणूस आजारी आसा?"

मी म्हटलं, नाही, तो मुद्दामच तसा गातो.

"आणि लोक ह्या आयकतत?"

ऐकतात म्हणजे काय, जीव टाकतात, मी म्हणालो. बुवांनी कॅसेट बाहेर काढून उलटीपालटी करून पाहिली. ती परत आत घालून त्यांनी खाली बघत सांगितलं, "माका शिकय."

मला हसू आलं, आणि ते त्यांनी पाहिलं. अजूनही त्या हसण्याची मला लाज वाटते. या माणसाला गंमत म्हणून शिकायचं नव्हतं. माघी गणपतीला मंडळाची बारी व्हायची. तिथे एकदा, एकच गजर, आपल्या आहे त्या आवाजात गायचा आणि लोकांनी तो गाणं म्हणून ऐकायचा, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी मला सांगितलं आणि कोणाला न सांगण्याची गणपतीची शपथ घातली. काकींनासुद्धा नाही.

मग शिकवणी सुरू झाली आणि माझं डोकं उठलं. पहिली अडचण शब्दांची. बुवांना अर्थ कळल्याशिवाय तोंड उघडायचं नसे. मी सांगायचो, याची बायको सोडून गेली, कामधंदा नाही, म्हणून तो रडतो आहे. बुवा विचारायचे, मग गात काय बसला, तिच्या माहेरी जाऊन समजूत काढायची. ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा म्हणतात. त्यावर त्यांची हरकत की एकदा सांगितलं ना, परत कशाला? मी म्हटलं, बुवा, तुम्ही एक ओळ चाळीस वेळा म्हणता. ते शांतपणे म्हणाले की तिथे देवाला ऐकू जायचं असतं, देव लांब आहे. ताल तर विचारू नका. मी सांगायचो, ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळा, घाई नको. त्यांना तीस वर्षांची सवय अशी की शेवटाला लय दुप्पट करायची आणि वर हात करून गजर करायचा. प्रत्येक गाणं, मग त्यात दारू असो की तुरुंग, बुवा देवाच्या जयजयकाराने संपवायचे. त्याशिवाय उठणं म्हणजे म्हणे जेवून हात न धुणं.

वर माझी परीक्षा चालूच. एकदा मी फार मन लावून एक गाणं म्हटलं. डोळे वगैरे मिटले होते. बुवांनी सुपारी कातरत निकाल दिला. "तू बातमी वाचतंस. खबर खरी आसा, पण घर कोणाचा जळला ता कळना नाय."

त्या दिवशी मी गिटार पलंगाखाली सरकवली आणि चार दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पाचव्या दिवशी भिंतीवर टकटक झाली. तिसरी तार.

खरी लढाई मात्र वेगळीच होती. बुवांचा आवाज वरच्या एका जागी हमखास फाटायचा. ती जागा आली की ते खोकायचे, किंवा झटकन खालच्या स्वरावर उतरायचे, किंवा पेटीचा भाता जोरात मारून ती झाकायचे. इतकं सफाईने की नवख्याला पत्ता लागू नये. मी सांगायचो, बुवा, तेच तर हवं आहे, तिथे थांबा, फाटू द्या, झाकू नका. ते मान हलवायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा खोकायचे. मी म्हणायचो, त्या कॅसेटवाल्याकडे बघा, तो कुठे झाकतो? ते म्हणायचे, त्याला शरम नाही. मी म्हणायचो, मग तुम्हीही सोडा. सहा महिने हाच संवाद.

इमारतीत तक्रारी व्हायला लागल्या तेव्हा आम्ही रविवारी कळंबच्या किनाऱ्यावर जायला लागलो. नालासोपाऱ्याहून एसटी पकडायची, सुरूच्या झाडांत बसायचं. सुट्टीवाले लोक उन्हं उतरल्यावर येतात, सकाळी तिथे फक्त सुकत घातलेली मासळी आणि कुत्री. अशाच एका सकाळी काय झालं कोण जाणे, बुवा उठून थेट पाण्यापर्यंत गेले, समुद्राकडे तोंड केलं आणि त्यांनीच बांधलेला एक गजर घेतला. ओळ साधी होती, "दारी उभा मी, हाक दे." 'हाक'वर ती जागा आली. खोकला आला नाही. आवाज फाटला, अडकला आणि चिरत चिरत वर गेला. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं, आपण काहीतरी शिकवलं.

एवढ्यात मागून आरडाओरडा झाला. वाळवणाच्या बांबूंखालून दोन कोळणी धावत आल्या, त्यांच्यामागे तीन-चार माणसं. त्यातली पुढची, साठीची असेल, बुवांचा दंड धरून विचारायला लागली, "कोन गेला? कंची होडी?" त्या किनाऱ्यावर म्हातारा माणूस समुद्राकडे बघून असा ओरडतो तो एकाच कारणासाठी. मी गिटार हातात धरून समजावत होतो की गाणं आहे, गाणं, आणि ती बाई माझ्याकडे असा कटाक्ष टाकत होती की मेल्या, इथे बापाचं मूल गेलंय आणि तू वाजवतोस. "बाबांना पानी द्या आधी," ती म्हणाली. कोणीतरी घरात पळालं. बुवांनी खुलासा केला नाही. मुकाट्याने तांब्याभर पाणी प्यायले, तिला हात जोडले आणि माझ्यापुढे चालायला लागले. परतीच्या गाडीत मी वैतागून म्हटलं, सांगायचं तरी. तर म्हणाले, सांगून काय करू, ती खरं तेच ऐकत होती. हे वाक्य मला तेव्हा कळलं नाही. त्यामुळे आणखीच चीड आली.

त्यांच्यावर उपकार म्हणून मी त्यांना वसईच्या एव्हरशाईन सिटीत, एका सोसायटीतल्या आमच्या बँडच्या कार्यक्रमाला नेलं, ती तर घोडचूकच. आमच्याआधी मीरा रोडचा एक बँड होता. त्यांचं झालं, आम्ही तारा जुळवत उभे राहिलो. पहिल्या रांगेतून बुवा मला खुणा करायला लागले. बुवांच्या हिशेबी दुसऱ्याने पहिल्याला उत्तर दिलं नाही तर तो हरला. आम्ही आमचं ठरलेलं गाणं सुरू केलं तसे ते उठून उभेच राहिले आणि घोगऱ्या आवाजात ओरडले, "तेका उत्तर दी." सोसायटीची मंडळी हसली. माझा ड्रमर हसला. मी दोन ओळी चुकलो. नंतर त्यांनी मलाच ऐकवलं की समोरच्याने पांढरी चार लावली होती, तू पाचने झोडायला हवा होतास. मी म्हटलं, बुवा, यात हारजीत नसते. ते म्हणाले, मग दोन-दोन मंडळं बोलावता कशाला?

माघी गणपती आला. मंडळात आता सगळा कारभार नितीनचा. तो भला पोरगा, बुवांच्या पाया पडल्याशिवाय पेटीला हात लावायचा नाही. त्यानेच माईकवरून सांगितलं की आज आपले गुरू एक गजर म्हणतील. मला बुवांनी कोरसमागे बसवलं होतं, हातात झांज दिली होती आणि वाजवू नकोस असंही सांगितलं होतं. मंडप भरला होता. बुवांनी पांढरा सदरा घातला होता. पेटीवर बोटं ठेवण्याआधी त्यांनी ती दोनदा सदऱ्याला पुसली, ते मी मागूनही पाहिलं.

त्यांनी सुरुवात केली. "दारी उभा मी." छान, संथ, ठेक्याच्या मागे. मी मनात म्हटलं, बुवा, आता झाकू नका. 'हाक' आली. बुवांनी झाकलं नाही. आवाज फाटला.

आणि त्याच क्षणी दहा जणांच्या कोरसने ती ओळ उचलली. दणदणीत, सुरात, झांजांसकट. बुवांचा आवाज त्याखाली ऐकू येईनासा झाला. ते थांबले, कोरसची ओळ संपेपर्यंत टाळी धरली आणि पुन्हा पहिल्यापासून आले. पुन्हा 'हाक', पुन्हा फाटला, पुन्हा कोरसने उचलला. तिसऱ्यांदा तर दाजीने, म्हणजे कोरसच्या म्होरक्याने, फाटायच्या आधीच उचलला. बुवांचा पंचवीस वर्षांचा सोबती तो, त्याला जागा पाठ होती. नितीनने गुडघ्यावर येऊन पाण्याचा पेला पुढे केला. माईकवाला येऊन माईकवर टिचकी मारून गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्या कोरससाठी होत्या. मंडळाने आपल्या बुवाला पडू दिलं नाही, याच्या टाळ्या.

मी रागाने लाल झालो होतो. आठ महिने घासून एक फाटका स्वर उघडा केला आणि या शहाण्यांनी त्यावर चादर घातली. मंडपामागे बुवा खुर्चीवर बसले होते. मी म्हटलं, दाजीला आत्ता जाऊन सांगा की उचलू नको. सांगत का नाही?

"मीच शिकयलंय तेंका," बुवा म्हणाले. "बुवा पडलो तर कोरसान ओळ उचलूक होयी. देवासमोर ओळ पडता नये. तीस वर्सां ह्याच सांगलंय. आता खयच्या तोंडान सांगू?"

गुरूची विद्या गुरूला फळते ती अशी. मी म्हटलं, मग मी सांगतो. ते नाही म्हणाले. मी शपथ गुंडाळून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दाजीकडे गेलो. सगळं सांगितलं, कॅसेट, कळंब, आठ महिने. दाजी आधी भडकला, की आम्ही काय बुवांचे दुश्मन? माणूस समोर बुडत असताना हात द्यायचा नाही? मी हात जोडले. म्हटलं, त्यांना बुडायचं नाहीये, त्यांना तसंच पोहायचं आहे. दाजीने तपकिरीची चिमूट ओढली. मग म्हणाला, पुढच्या वेळी बुवा गायले तर आम्ही तोंड उघडणार नाही, पण ते ऐकणं आमच्याच्याने होईल असं वाटत नाही. मी म्हटलं, होईल, सवय लागते. आठ महिन्यांच्या अनुभवाचा मला केवढा माज होता.

पुढची वेळ मंडपात आलीच नाही. काकींचे गुडघे गेले होते, तीन जिने त्यांना होत नव्हते, आणि गावचं घर बंद पडलेलं. होळीनंतर बुवांनी गावी जायला खोली रिकामी केली. सकाळी टेम्पो आला. पिंप, पलंग, काकींच्या जुन्या पातळात गुंडाळलेली पेटी. निरोपाला मंडळ आलं होतं, नितीन होता, दाजी होता. इमारतीतले लोक गॅलरीत उभे होते. कोणीतरी म्हटलं, बुवा, जाता जाता एक गजर होऊ द्या.

बुवा टेम्पोच्या फळीला टेकून उभे होते. पेटी बांधलेली, पखवाज नाही. त्यांनी दाजीकडे पाहिलं. दाजीने मान खाली घातली, आणि बुवांना कळलं की मी सांगून बसलोय. मला वाटलं आता शिव्या बसणार. पण त्यांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. "दारी उभा मी."

'हाक'वर आवाज फाटला. मंडपात फाटला होता त्याहून वाईट, नुसता वारा निघाला. कोरस गप्प. दाजीने ओठ घट्ट मिटून घेतले होते, नितीनच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण दहातला एकही तोंड उघडेना. बुवांनी पुन्हा तोच शब्द घेतला. पुन्हा नुसता वारा. त्यांच्या मानेची शीर फुगली होती, हात फळीवर गच्च होता. गॅलरीत काकी भिंत धरून उभ्या होत्या. ते तिसऱ्यांदा श्वास घेत होते. येणार होता तो स्वर, आज मला खात्री आहे, आणखी एक क्षण थांबलं असतं तर आला असता.

माझ्याच्याने नाही थांबवलं. साऱ्या मनवेलपाड्याला झाकू नका म्हणून शिकवत फिरणारा मी, माझ्याच तोंडून ती ओळ बाहेर पडली. "हाक दे." एकट्याचा आवाज, कोरसही नाही सोबतीला.

बुवांनी डोळे उघडले. ते माझ्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. कोरसने ओळ उचलली की बुवाने गप्प होऊन टाळी धरायची, हाही त्यांचाच नियम होता. त्यांनी भरलेला श्वास सोडून दिला, फळीवरचा हात काढला आणि माझ्या ओळीला टाळी धरली.